वैशालीच्या फोल्डरमधली माझी गोष्ट

टोकावडे, रविवार, डिसेंबर २००९

दादाने दुबईहून आणलेल्या ई-रीडरवर आज गोष्टी लावायला बसले. आवडत्या मालिकेतल्या माणसांवर प्रेक्षकांनीच लिहिलेल्या, त्यानेच नेटवरून उतरवलेल्या. लेखकांप्रमाणे फोल्डर करत होते, तर माझ्या मैत्रिणीच्या, वैशालीच्या नावाखाली माझीच गोष्ट निघाली! मुरबाडच्या सायबरमधून नेटवर टाक म्हणून मीच तिला पेनड्राइव्ह दिला होता. "कोणी वाचलीच नाय गो," म्हणाली होती. नायिकेच्या बैलाचं नाव ढवळ्या. आमचाच ढवळ्या! तेवढंही बदललं नाही बयेने. खाली वाचकांचं कौतुक आणि शेवटच्या भागासाठी विनवण्या.

संध्याकाळी तिचाच फोन.

"शेवट लिवलास का गो? सहज विचारते."

सहज! ढवळ्या डोळ्यांपुढे आला. तरी मी एवढी शांत कशी राहिले?

"लिवला. उद्या मीच टाकते. माझ्या नावाने."

तिने विचारलं, "रागावलीस?"

मी फोन ठेवला. मैत्रीण गेली, वाईट वाटायला हवं ना? नाय वाटत.

शेवटात आत्ताच एक नवी बाई घातली. म्हसा गावच्या जत्रेत चोरी करताना सगळ्यांदेखत पकडली जाते. नाव वैशाली.