गाडीखालचं ऑइल

२८ ऑक्टोबर, मंगळवार

अंगणात गाडीखाली पुन्हा डाग! बांगडीएवढा. परवाच पुसला होता. बोट लावून पाहिलं, काळं आणि चिकट. पाणी नाही, डिझेल नाही. इंजिन ऑइलच.

आणि आज नेमका आईच्या डायलिसिसचा दिवस. मंगळवार आणि शुक्रवार, हे दोन दिवस चुकवायचे नाहीत. गडचांदूर ते चंद्रपूर, जाऊन-येऊन शंभराच्या आसपास किलोमीटर. ऑइल मोजायची कांडी इंजिनातून काढून पाहिली. खालच्या खुणेच्या जेमतेम वर. डब्यात उरलेलं ओतलं आणि निघाले. सगळा रस्ता माझे डोळे ऑइलच्या लाल दिव्यावर. आता पेटतो की मग पेटतो!

"समोर पाह्य ना वं," आई म्हणाली. "आत काय पाह्यतं?"

बाबांची गाडी आहे ही. माझ्या वर्गातल्या पोरांपेक्षा वयानं मोठी. बाबा होते तोवर मी कधी स्टेअरिंगला हात लावला नाही. ते गेल्यावर, छत्तिसाव्या वर्षी शिकले. बसनं नेता येत नाही आईला. मशीनवरून उतरली की तिला धड उभं राहवत नाही.

२९ ऑक्टोबर, बुधवार

शाळा सुटल्यावर थेट बाबूभाईंच्या गॅरेजला. बाबांचे जुने दोस्त. या गाडीला त्यांच्याशिवाय दुसऱ्या कोणाचा हात लागलेला नाही. बॉनेट उघडून एक नजर टाकली. "टॅपेट कव्हरची पॅकिंग गेली, बेटा. जुन्या गाडीले हे होतेच. डरू नोका."

इंजिनवरच्या झाकणाखालची ही पॅकिंग तासाभरात नवी बसवली. हायसं वाटलं.

३० ऑक्टोबर, गुरुवार

डाग नाही! दोनदा वाकून पाहिलं.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार

आजचं आठवायलाही नको वाटतं. तरी लिहिते.

चार तासांनी आईला घेऊन खाली आले तर हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये गाडीखाली दोन ताजे थेंब. म्हणजे पॅकिंग नव्हतीच! पण थांबून करणार काय? ऑइल पाहिलं, ठीक होतं. निघाले.

बल्लारपूर सोडलं. वर्धा नदीच्या पुलाआधी पुढे कोळशाचा ट्रक, त्याच्यामागे सारखा ब्रेक दाबावा लागत होता. त्यानं एकदम ब्रेक मारला. मीही दाबला. पेडल दगडासारखं! खाली जाईचना. दोन्ही पाय लावले, अक्षरशः सीटवरून उठले. ट्रकच्या मागच्या फळीपासून हातभर अंतरावर गाडी थांबली.

आई झोपेत होती. पुढे आदळता आदळता पट्ट्यानं धरली. डायलिसिसच्या सुया टोचलेला हात तिनं छातीशी घट्ट धरला होता.

"काय झालं वं?"

"खड्डा होता, आई."

खोटं बोलले. चूक माझीच असणार. डोळे दिव्याकडे होते, ब्रेक उशिरा दाबला.

१ नोव्हेंबर, शनिवार

बाबूभाईंनी गाडी गॅरेजमधल्या खड्ड्यावर घेतली. खाली ऑइलची टाकी असते, तिला हे लोक चेंबर म्हणतात. तिचे बोल्ट आवळले. "इथूनच येत असन."

ब्रेकचंही सांगितलं. त्यांनी बंद गाडीत बसून एकदा पेडल दाबलं, चाकं काढून आतलं पाहिलं. "ब्रेक तं झकास आहे. तुमच्या मनात भीती बसली, बेटा. तुमचे बाबा, गुलाबभाऊ, गेल्यापासून पाह्यतो मी. डरून गाडी चालवली का असंच होते."

खरंच असेल.

२ नोव्हेंबर, रविवार

सकाळी नागपूरहून नागसेनचा फोन. ट्रकचं त्याला कळलं. मीच सांगून बसले होते. चिडला. "ताई, विकून टाक तो डबा! आईले माझ्याकडे पाठव. इथं हॉस्पिटल घरापासून दहा मिनिटं. मी किती वेळा सांगू?"

आईनं माझ्या हातातून फोन घेतला. "मी इथून हलत नाई." आणि बंद.

का नाही, म्हणून विचारलं. ती कणीक मळायला बसली. धाकटा भाऊ बरोबर बोलतोय हे मलाही कळतं. त्याच्याकडे जाऊन ती सुखात राहील. आणि मी? लग्न मोडून परत आले त्याला सहा वर्षं झाली. हे घर, ही शाळा, आई. बस.

४ नोव्हेंबर, मंगळवार

चाळीसच्या वर काटा जाऊ दिला नाही. मागचे ट्रकवाले हॉर्न वाजवून शिव्या घालत होते. पोचायला उशीर. मशीनवरचा आईचा अर्धा तास कमी झाला. सिस्टर रागावली, बरोबर आहे तिचं.

थेंब आहेतच. तीन.

६ नोव्हेंबर, गुरुवार

उद्या गाडी काढायची हिंमत नाही. दोन भाड्याच्या गाड्यांना विचारलं. दोन्ही लग्नाला गेलेल्या.

"नोको जाऊ," आई म्हणाली. "एक दिवस नाई गेलं तं काय होते? तुह्या तोंडाकडे पाहवत नाई मले."

मी हो म्हटलं. हे लिहिताना लाज वाटते. पण हो म्हटलं.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

गेलो नाही. आई दिवसभर बरी होती. दोनदा हसलीसुद्धा.

८ नोव्हेंबर, शनिवार

पहाटे उठले तर आई भिंतीला टेकून बसलेली. पाय सुजून गुळगुळीत, तोंड सुजलेलं. आडवं झालं की श्वास कोंडत होता. "पाणी... छातीत पाणी भरल्यासारखं वाटून राह्यलं..."

अॅम्ब्युलन्स आली. मी मागे तिच्याजवळ बसले. अंगणातल्या गाडीकडे मी बघितलं नाही.

मशीनवर घेतलं. दुपारपर्यंत श्वास मोकळा झाला. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "मॅडम, एक वेळ जेवण चुकवा. हे चुकवू नका."

आईनं कोणालाच सांगितलं नाही की मीच घाबरून नेलं नाही. "मलेच कंटाळा आला होता," म्हणाली डॉक्टरांना. संध्याकाळी भाड्याच्या गाडीनं घरी आलो.

९ नोव्हेंबर, रविवार

आज माघार घ्यायची नाही असं ठरवलं. पोरांना गणित शिकवते मी. उत्तर चुकलं तर शेवटच्या ओळीकडे बघत बसू नका, वरून एकेक ओळ तपासा, हे रोज सांगते. आणि स्वतः? थेंब जिथं पडतो तिथंच बघत होते! बाबूभाईही तिथंच बघत होते. धावत्या गाडीत वारा ऑइल मागे ढकलतो. गळतं एकीकडे, टपकतं दुसरीकडे.

बाबांचा जुना ब्रश, वाटीभर डिझेल, फडकी. इंजिन वरपासून खालपर्यंत घासलं. दोन तास! नखांत काळं गेलं, कोपर सोललं. कोरडं पुसलं. मग आईची तोंडाला लावायची पावडर आणली. पूर्ण इंजिनवर शिंपडली. आई खुर्ची टाकून समोर बसली होती. "माही पावडर गाडीले लावतं? वा!"

गाडी सुरू केली. पाच मिनिटं. दहा. पांढरंच सगळं. मी खालून बघत होते, चेंबर कोरडा. टॅपेट कव्हर कोरडं.

"खुशबू. इथी पाह्य. इथी ओलं दिसून राह्यलं."

आईनं बसल्या बसल्या बोट दाखवलं. इंजिनच्या बाजूला, बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरच्या पाठीमागे एक बारीक पाइप. त्याच्या सांध्यापासून पावडरवर काळी रेघ उतरत होती. केसाएवढी. खाली जाऊन चेंबरच्या कडेनं मागे वळत होती.

मी ओरडलेच! आईला मिठी मारली, तिच्या लुगड्याला सगळं काळं लागलं.

बाबूभाईंना फोन केला. रविवार असून आले. वाकून पाहिलं, पाइपच्या सांध्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "बसा आत. गाडी बंद ठेवा. ब्रेक चार-पाच वेळा दाबा, कडक होईपर्यंत. आता दाबून धरा अन् चावी फिरवा. पाय खाली गेला?"

"नाही."

"थोडासा बी?"

"नाही, बाबूभाई. दगड आहे."

त्यांनी टोपी काढून कपाळ पुसलं. मग समजावलं. अल्टरनेटरच्या पाठीवर एक छोटा पंप असतो. तो हवा ओढतो, त्याच हवेच्या जोरावर ब्रेक हलका लागतो. पंपाला ऑइल त्या बारीक पाइपमधून. पाइप गळतोय, म्हणून पंप कोरडा चालून आतून झिजला. पहिल्यांदा दाबलं तर ब्रेक लागतो, लागोपाठ दाबलं की जड. म्हणून त्या दिवशी गॅरेजमध्ये एकदाच दाबल्यावर त्यांना तो झकास वाटला.

"म्हणजे त्या दिवशी पुलाजवळ..."

"गाडीच होती, बेटा. तुम्ही नाई." त्यांनी टोपी पुन्हा घातली. "मी तुमाले डरपोक म्हटलं. माह्या नजरेतून सुटलं. माफ करजा."

इतक्या मोठ्या माणसानं माझी माफी मागावी! मला रडूच आलं. भीतीनं नाही.

१० नोव्हेंबर, सोमवार

नवा पाइप, पंपाच्या आतल्या पत्त्या आणि सील, सगळं बदललं. जुना पाइप हातात घेऊन वाकवला तर सांध्याजवळ चीर उघडली. एवढीशी चीर! पुन्हा तीच परीक्षा घेतली. ब्रेक दाबून धरला, चावी फिरवली. पेडल पायाखाली अलगद खाली गेलं.

परत परत करून पाहिलं. बाबूभाई हसायला लागले.

११ नोव्हेंबर, मंगळवार

वेळेवर पोचलो. पूर्ण चार तास मिळाले. येताना राजुऱ्याच्या चौकात एक बैल आडवा आला. ब्रेक लागला, आई जागीही झाली नाही.

तरी पार्किंगमध्ये वाकून पाहिलंच. सवय लवकर जाणार नाही.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

आज रस्ताभर आई माझ्याकडेच बघत होती. रस्त्याकडे नाही, दिव्यांकडे नाही. विचारलं तर "काई नाई." घरी आल्यावर मला चहाला पाठवलं आणि दार लोटून कोणाला तरी फोन लावला.

१६ नोव्हेंबर, रविवार

आईला नागपूरला नागसेनकडे सोडून आले. राहायला. तिनंच ठरवलं, तिनंच त्याला कळवलं. मी खूप भांडले. माझं काय चुकलं, म्हणून विचारलं. "तुले एकटीले सोडून कशी जाऊ, म्हणून अडून राह्यली होती," म्हणाली. "आता तू न डरता गाडी चालवतं, मले भेव नाई वं. मन झालं का गाडी काढजो अन् ये."

दोनशेच्या वर किलोमीटर, येताना शेजारची सीट रिकामी. दिवस बुडायच्या आत पोचले. कुलूप काढलं. घरात गेले.