गैरहजर माणसाचा वाटा

ट्रॉय, मिशिगन
२४ सप्टेंबर २०२५

चि. प्रीता हिस नानांचे अनेक आशीर्वाद.

वि. वि. तू फोन उचलत नाहीस म्हणून पत्र लिहितो. ओहायो काही लांब नाही, तुझा सुशांतमामा सकाळी निघाला तर दुपारच्या जेवणाला तुझ्याकडे पोचेल. पण तू स्वतः जेवतेस की नाही हे इथे बसून मला कळत नाही. तुझी आई नागपूरहून रोज फोन करते आणि मलाच विचारते, जणू मी तुझ्या शेजारच्या खोलीत राहतो. मीही ठोकून देतो की पोरगी मजेत आहे. आता ते खरं करून दाखवणं तुझ्याकडे.

शेवटचा फोन उचललास तेव्हा व्हिडिओवर तुझे गाल बसलेले दिसले. मामेबहीण अनिका म्हणते की तो कॅमेऱ्याचा अँगल असतो. असेल. पण कॅमेरा तर पूर्वीचाच आहे ना? कोर्स अवघड जातोय का? मी सातवी शिकलेला माणूस, कॉम्प्युटरमधलं मला काय समजणार, पण ऐकून तरी घेईन. रात्री दार नीट लावत जा. पाणी पीत जा. पत्राला उत्तर टाक, दोन ओळींचं का असेना.

माया आहे तशी राहू दे.
तुझा,
नाना

*

ओहायो
२८ सप्टेंबर

ती. नाना यांस प्रीताचा शि. सा. नमस्कार.

तुमचं पत्र मेलबॉक्समध्ये बघून आधी घाबरले. पत्र म्हणजे बिल किंवा वाईट बातमी अशीच इथे सवय झालीये.

नाना, तुम्हाला खोटं सांगवत नाही. डिसेंबरमध्ये सेमिस्टर संपलं की मी परत जायचं म्हणतेय. आईला अजून सांगितलेलं नाही. कोर्स मुळीच अवघड नाही, मार्क चांगले आहेत. अवघड जाते ती संध्याकाळ. लॅबमधून रूमवर येते, रूममेट तिच्या मित्राकडे असते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत मी एक शब्दही बोललेली नसते. मग फोन वाजला की रडू येईल म्हणून उचलत नाही. तुमच्यावर राग नाही, एवढंच सांगायचं होतं.

इथल्या लायब्ररीत मिसेस लिन म्हणून एक बाई आहेत, साठीच्या पुढच्या. सगळे त्यांना आंटी लिन म्हणतात. चिनी सण आले की बाहेरदेशच्या सगळ्या मुलांना त्या गोळा करतात, मूल चीनचं असो की केनियाचं. सहा ऑक्टोबरला त्यांचा चंद्राचा सण आहे. घरच्यांनी एकत्र बसायचं, चंद्र बघायचा, मूनकेक खायचा. काल त्यांनी मला काउंटरवर अडवून माझं नाव लिहून घेतलं. पण मी जाणार नाही. दुसऱ्यांच्या घरच्या सणात मी गर्दी कशाला वाढवू?

तुम्ही तब्येत सांभाळा. माझ्यावर लोभ आहेच, तो कमी करू नका.
तुमची,
प्रीता

*

ट्रॉय
२ ऑक्टोबर, दसरा

चि. प्रीता हिस अनेक आशीर्वाद आणि सोनं.

तुझं पत्र तीनदा वाचलं. तुझ्या आईला, शोभाला, काही बोललो नाही, ते तूच सांगशील. परत जायचं की राहायचं, मी मध्ये पडत नाही. दोन्हीकडून मला झोप लागणार नाहीच.

पण सहा तारखेला जा. मी कालनिर्णय बघितलं. तो त्यांचा चंद्र म्हणजे आपली कोजागिरी आहे, यंदा एकाच दिवशी आली आहे. आणि कोजागिरीला थोरल्या अपत्याची आश्विनी करतात, हे तू विसरलीस का? तुझ्या आईने तुला ओवाळल्याशिवाय एक वर्ष सोडलं नाही. गोवर निघाला होता तेव्हासुद्धा पाटावर बसवून ओवाळलं होतं. हे पहिलं वर्ष चुकेल म्हणून ती हळवी झाली आहे. म्हणून मी तिला विचारलं की त्या लिन बाईंनी ओवाळलं तर चालेल का. ती मग म्हणाली की हात कुणाचाही असो, माझ्या पोरीपुढे दिवा फिरू दे.

सोबत लहान निरांजन, कुंकू, सुपारी आणि तुपात भिजवलेल्या फुलवाती पाठवतो. वाती पटकन पेटाव्यात म्हणून टोकाला कापूर चोळला आहे. काड्यापेटीही ठेवली होती, पण पोस्टाने तसलं पाठवत नाहीत म्हणून अनिकाने काढून घेतली आणि मला बरंच सुनावलं. पार्सल वेळेत पोचतं की नाही देव जाणे.

त्या केकमध्ये अंडं असतं म्हणतात. आधी विचार, मग खा. स्वेटर घाल.

आमची आठवण पातळ होऊ देऊ नकोस.
नाना

*

ओहायो
८ ऑक्टोबर

ती. नाना, शि. सा. नमस्कार.

तुमच्या फुलवातींमुळे फायर ब्रिगेड आली.

घाबरू नका, कुणाला काही झालं नाही. सविस्तर सांगते. पार्सल सहा तारखेलाच दुपारी मिळालं. नाना एवढी खटपट करतात आणि मी गेले नाही असं कसं सांगू, म्हणून गेले. हॉलमध्ये गोल टेबलं मांडली होती आणि भिंतीवर प्रोजेक्टरने चंद्र दाखवला होता. दर वर्षी ढग नाहीतर थंडी, म्हणून तसाच दाखवतात. मी लाजत लाजत लिन मावशींना आश्विनीचं सांगितलं. त्यांनी लगेच हात धुतले, मला खुर्चीवर बसवलं आणि कुणाकडून तरी लायटर आणवला. वात पेटली, कापराचा काळा धूर सरळ वर गेला, आणि वर नेमका स्मोक अलार्म.

अख्खी बिल्डिंग बाहेर काढली, नाना. वरच्या मजल्यावर परीक्षा देणारी मुलंसुद्धा. मी हिरवळीवर मान खाली घालून उभी होते. वाटलं, डिसेंबर कशाला, उद्याच निघावं. तेवढ्यात लिन मावशी जवळ आल्या आणि माझी हनुवटी धरून वर केली. झाडांच्या मागून एवढा मोठा चंद्र आला होता. त्या म्हणाल्या, इतकी वर्षं मी मुलांना भिंतीवरचा चंद्र दाखवतेय, आज तू खरा दाखवलास.

मग केक बाहेरच आणले. आगवाले काका दिवा लावू देईनात, म्हणून मावशींनी बॅटरीवरचा कागदी कंदील घेतला आणि मी सांगितलं तसं तीनदा ओवाळलं. ते बघून बाकीची मुलं रांगेत आली. मी म्हटलं, हे फक्त थोरल्यासाठी असतं. पण चीनची बहुतेक मुलं एकुलती एक, म्हणजे सगळी थोरलीच. नायजेरियाचा एक मुलगा सात भावंडांत शेंडेफळ निघाला, तोही रांग सोडेना. शेवटी आगवाले काका म्हणाले की मीही थोरला आहे. त्यांनाही ओवाळलं.

मावशी चाळीस वर्षांपूर्वी इथे शिकायला आल्या तेव्हा पहिला मूनकेक त्यांनी हॉस्टेलच्या लाँड्रीत एकटीने खाल्ला होता. त्यांच्याकडे केक कापताना घरच्या गैरहजर माणसाचाही वाटा काढतात. मला विचारलं, तुझं कोण? मी तुमचं नाव सांगितलं. तो वाटा पाठवतेय. कमळाच्या बियांचं सारण आहे. आत अंडं नाही, पण वरच्या रंगाला थोडं लावतात, तेवढं सोडून खा.

फेब्रुवारीत त्यांचं नवं वर्ष आहे. शाकाहारी मुलांचं टेबल मावशींनी माझ्यावर सोपवलंय. मी हो म्हटलंय. आईलाही फोन केला, आधी डिसेंबरचं सांगितलं आणि मग फेब्रुवारीचं.

तुमचा हात डोक्यावर असू द्या.
प्रीता

*

ट्रॉय
१३ ऑक्टोबर

चि. प्रीता हिस खूप खूप आशीर्वाद.

तुझ्या पत्राची पहिली ओळ वाचून मी खुर्चीवरच बसून राहिलो. पुढचं अनिकाला वाचून दाखवायला लावलं, तिला मराठी अडखळत येतं म्हणून जीव आणखी टांगणीला. मग ती एवढी हसली की मजकूर अर्धाच राहिला. कापूर चोळायला नको होता. परीक्षेतल्या मुलांचं नुकसान तर झालं नाही ना? त्या आगवाल्यांना माझ्या वतीने सॉरी सांग.

बॅटरीचा दिवा चालतो का, हा घोर मला दोन दिवस होता. शोभाला विचारलं. ती आधी हसली, बऱ्याच दिवसांनी हसली, आणि म्हणाली की नाना, पोरगी फोन उचलते आहे, आता कशाला शंका काढता.

लिन बाईंना माझा नमस्कार सांग. परक्या मुलखात माझ्या नातीची हनुवटी धरून कुणी वर केली, हे मी विसरणार नाही. इंग्रजीत हे कसं म्हणायचं ते मला येत नाही, तूच सांग. दिवाळीला त्यांना घेऊन ये. सुशांत गाडी घेऊन न्यायला येतो म्हणाला. त्यांच्या घरचे सगळे तिकडे चीनमध्ये असतील, तर फराळाला त्यांना इथे कोण बोलावणार?

केक पोचला, थोडा चुरा झालाय. वरचा पापुद्रा काढून खाल्ला. बेसनाच्या लाडवाइतका नाही, पण चांगला आहे. मी त्याचे पुन्हा वाटे केले. सुशांतचा, अनिकाचा, माझा. शोभाचा मीच खाल्ला, तो नागपूरपर्यंत टिकला नसता. तुझा डबीत घालून फ्रिजमध्ये ठेवलाय. अनिका येता-जाता ती डबी उघडून बघते. मी तिला सांगितलं आहे की गैरहजर माणसाचा वाटा त्या माणसाने येऊन खायचा असतो.

तेव्हा लवकर ये. इथे सगळ्यांचा जीव तुझ्यावर आहे, हे कळावे.
तुझा,
नाना