मुरबाडचं घर आणि दोघांचा एजंट

शहापूर, ६ फेब्रुवारी २०२४

प्रिय ताईस,
धम्मपालचा सविनय जय भीम. वर आधी सवयीनं ‘सौ.’ लिहिलं, मग खोडलं. घटस्फोट होईपर्यंत काय लिहायचं ते कोणी सांगत नाय.

तू आणि स्वरूपभावजी, दोघांनीही घर विकायचं काम मलाच दिलंत. एकीचा भाऊ, दुसऱ्याचा मेव्हणा. शिव्या दोन्हीकडून माझ्याच. म्हणून ठरवलंय, एकाला कळलं ते दुसऱ्यालाही कळवायचं, तेही लेखी. या पत्राची झेरॉक्स शेणव्याला भावजींना जातेय.

रविवारी गिऱ्हाइकाला घर दाखवताना मोरीच्या चौकटीवर माझंच डोकं आपटलं. दहा वर्षं घरं विकतोय, वाकायचं कधी ते अजून कळत नाय.

राग धरू नकोस.
तुझा धम्मपाल

मुरबाड, १० फेब्रुवारी

चि. धम्मपाल यास आशीर्वाद.

तुला एकट्याला सांगते. मला हे घर सोडायचं नाय रे. माझी शिलाई मशीन इथल्या ओटीवर. बायका इथंच येतात. दुसरीकडे गेले तर सगळं पहिल्यापासून. त्यांचा वाटा मीच हप्त्यानं विकत घेतला असता, पण त्यांच्यापुढे हात पसरणं मला जमायचं नाय. तेव्हा गिऱ्हाईक बघच. डोक्याला हळद लाव.

माया आहेच.
ताई

शहापूर, १५ फेब्रुवारी

प्रिय ताईस जय भीम.

कान धरून लिहितोय. तुझं पत्रही भावजींना गेलं. ‘एकट्याला’ हे झेरॉक्सवाल्या देवजीनंसुद्धा वाचलं, मला विचारलंही. मी शहाण्यानं त्यालाच नियम समजावला! माझ्यासारखा गाढव अख्ख्या तालुक्यात नसेल.

भावजींचं उत्तर सोबत आहे. ते म्हणतात, संसार जमला नाय म्हणून नम्रताची मशीन ओटीवरून हलायला नको. वाटा पाच वर्षांत दिलास तरी चालेल. घटस्फोट मात्र ठरल्याप्रमाणे. आता तू हो म्हण. माझी दलाली बुडाली, बायको बोलत नाय, पण ते माझं मी बघतो.

चुकलं तर पोटात घाल.
धम्मपाल

मुरबाड, २० फेब्रुवारी

चि. धम्मपाल यास आशीर्वाद.

आधी तुझ्या नावानं बोटं मोडली, मेल्या. मग त्यांचं पत्र वाचून खूप रडले. अकरा वर्षांत आमी एकमेकांशी इतकं सरळ कधी बोललो नाय.

मला मंजूर आहे, त्यांना कळव. शुक्रवारी कागद करू. साक्षीदार तूच. आमच्या लग्नाच्या नोंदणीवरही तुझीच सही आहे. ही पण तूच कर.

जेवायलाच ये.
तुझी ताई