तेरावं सीड आणि माझं निवेदन

१ मार्च, रविवार
नवा महिना, नवे संकल्प. पहिला : चिडायचं नाही. दुसरा : इलाच्या कोचला मेल करायची नाही. दोन्ही इलाच्या फोनमुळे. कॉलेजचं शेवटचं वर्ष आहे, बास्केटबॉलचंही, तेव्हा बाबा, या वेळी नुसता येऊन बस आणि मला खेळताना बघ, असं म्हणाली. इंग्रजीत. चार वर्षांत मी तिचा एकही सामना धड पाहिलेला नाही, असा आरोप आहे. साफ खोटं. समोर खेळ चालू असताना मी अन्यायाची आकडेवारी मांडत असतो, एवढंच. बाकीचे पालक नाचोज खात असतात.
तरी कबूल केलं. नुसतं बसेन. शब्द म्हणजे शब्द.

८ मार्च, रविवार
जिंकलो! पिन्यन व्हॅलीने कॉन्फरन्स, म्हणजे विभागाची स्पर्धा, मारली. इलाचं हे एवढंसं कॉलेज, न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात. इथे आमच्या चँडलर गावात एकाही मराठी माणसाला त्याचं नाव धड घेता येत नाही. आता थेट नॅशनल टूर्नामेंट!
इलाला शेवटची चार मिनिटं मिळाली. कोच बावळट आहे. मेल लिहिली, पण पाठवली नाही. संकल्प शाबूत.

९ मार्च
शेजारचा विक्रम विचारतो, सीड म्हणजे काय रे? दहा वर्षं अमेरिकेत आहे हा गृहस्थ. शांतपणे समजावलं. टूर्नामेंटची समिती टीमना चार गटांत वाटते. प्रत्येक गटात एक ते सोळा नंबर, एक म्हणजे सगळ्यात तगडी टीम, त्याला सीड म्हणतात. पहिल्या चार नंबरांच्या टीम सुरुवातीचे दोन राउंड स्वतःच्या कॉलेजात खेळतात. त्यांच्या पोरी आपल्या खोलीत झोपणार, आपल्याच रिंगवर बॉल टाकणार, आपल्याच माणसांच्या टाळ्या घेणार. आमच्या पोरींनी विमानं बदलत जायचं आणि शिट्ट्या ऐकायच्या. पुरुषांच्या टूर्नामेंटला मात्र पहिल्या दिवसापासून तटस्थ मैदान!
विक्रम म्हणाला, अरे पण तटस्थ ठिकाणी खुर्च्या रिकाम्या राहतील. खुर्च्याच भरायच्या तर लग्नाचा हॉल घ्या म्हणावं. या माणसाशी पुन्हा बोलणार नाही.

१० मार्च
समितीला निवेदन पाठवलं. सात पानं, दोन आलेख. मागण्या दोनच : पिन्यन व्हॅलीला किमान दहावं सीड, आणि पहिला राउंड तटस्थ मैदानावर. संकल्प मोडला नाही. संकल्प कोचला मेल न करण्याचा होता, समितीबद्दल अवाक्षर नव्हतं.
रत्ना म्हणाली, त्यांना दुसरे उद्योग नाहीत का? बायकोला निवेदनाची ताकद कळत नाही. नागपूरला माझ्या एका निवेदनावर अख्खा बसथांबा हलला होता. ती म्हणते, रस्ता रुंद करायचा होता म्हणून हलला. पण रस्ता तरी का रुंद केला?

११ मार्च
उत्तर आलं! खरं तर कालच, पाठवल्यावर मिनिटभरात आलं होतं, स्पॅममध्ये सापडलं. आपल्या अभिप्रायाबद्दल आभार, तो आम्हाला मोलाचा वाटतो, असा मजकूर. म्हणजे दखल घेतली. सरकारी भाषेत याहून स्पष्ट कुणी लिहीत नाही. आणि मिनिटभरात! वाटच बघत बसले असावेत.

१५ मार्च, रविवार
आज सगळ्या टीमची नावं टीव्हीवर जाहीर होणार म्हणून रत्नाने दहा-बारा जणांना पावभाजीला बोलावलं. पावभाजी खायला आलेल्या लोकांना ब्रॅकेट, म्हणजे कोण कुणाशी खेळणार तो तक्ता, दाखवणं म्हणजे निव्वळ वेळ वाया.
पिन्यन व्हॅलीचं नाव आलं. सीड तेरा. चोरी! भर दिवसा, टीव्हीवर! पण त्याच चौकटीत वर ठळक अक्षरांत लिहिलं होतं : फोर्ट वर्थ १. समोर ओहायोची एक धिप्पाड टीम, सीड चार.
फोर्ट वर्थ! टेक्सास! ना त्यांचं घर, ना आमचं. तटस्थ! निवेदनाची पहिली मागणी फेटाळली, दुसरी मान्य केली. समित्यांची हीच पद्धत असते, सगळं देत नाहीत.
बाकीचे पाव भाजत होते तोवर मी विमान आणि हॉटेल दोन्ही बुक करून टाकलं, रिफंड न मिळणारं, कारण ते स्वस्त पडतं. रत्नाचंही करू का विचारलं. ती म्हणाली, नको, मी सुचित्राकडून जाईन. सुचित्रा तिची बहीण, शिकागोजवळ नेपरव्हिलला असते. जाऊ दे.

१६ मार्च
ऑफिसात सगळ्यांना सांगितलं की एका सामान्य पालकाच्या निवेदनामुळे ओहायोच्या टीमला घर सोडून टेक्सासला यावं लागतंय. सगळे आपापल्या स्क्रीनकडे वळले. कॉम्प्युटरच्या चिप बनवणाऱ्या लोकांना न्यायाचं काय.

१७ मार्च
हसून पोट दुखलं. रत्ना आणि सुचित्रा म्हणे नेपरव्हिलहून गाडीने सामन्याला जाणार. पाच-सहा तासांत पोहोचू, म्हणाली. शिकागोहून टेक्सास, पाच तासांत! नकाशा न बघणं हा त्यांच्या माहेरचा वारसाच आहे. सांगणार होतो. मग ठरवलं, नाही सांगायचं. काही गोष्टी अनुभवातूनच शिकाव्या लागतात. बसू देत ओक्लाहोमाच्या रस्त्यावर रडत.

१८ मार्च
इलाचा फोन. बावरली आहे. त्यांची जिम केवढी मोठी आहे, सगळे लाल शर्ट घालून ओरडणार, मला तर आत्तापासून घाम फुटलाय, असं म्हणाली. मी धीर दिला. म्हटलं, अगं, तटस्थ मैदान आहे, बाबाने व्यवस्था केली आहे. ती म्हणाली, व्हॉट? मग प्रॅक्टिसची बस आली म्हणून ठेवला. जाता जाता पुन्हा म्हणाली, तू येतोयस ना, नक्की? शेवटचा असू शकतो. नक्की म्हटलं.

१९ मार्च, गुरुवार. फोर्ट वर्थ
पोहोचलो. हॉटेल उत्तम. गाव कमालीचं शांत. एक लाल शर्ट नाही. ओहायोवाले घाबरून आलेच नाहीत, हे उघड आहे. घरची सवय सुटली की असं होतं.
रत्नाचा मेसेज : पोहोचलास का? मी : कधीच. ती : आम्ही पहाटे निघतो. बिचारी. पहाटे निघून दुपारच्या सामन्याला टेक्सासात!

२० मार्च, शुक्रवार. दुपार
अरीनापाशी आलो. आत घोडे.
खरे घोडे. प्रदर्शन आहे. बाहेर टोपीवाले लोक, लगाम आणि शेणाचा वास. बोर्ड वाचला. महिला बास्केटबॉल रीजनल : २७ मार्चपासून.
आधी वाटलं, बोर्ड चुकला. तेवढ्यात रत्नाचा फोन, कुठे आहेस, आम्ही गेट तीनपाशी आहोत. मीही गेटपाशीच होतो. मागे बँड वाजत होता, तिच्या बाजूला. माझ्या बाजूला घोडा खिंकाळला. तिने विचारलं, हा कसला आवाज?
मग तिनेच सांगितलं. पहिले दोन सामने ओहायोलाच, नेहमीसारखे. जे जिंकतील त्यांनी पुढच्या आठवड्यात फोर्ट वर्थला यायचं, म्हणून त्या गटाला ते नाव. इतकी साधी गोष्ट पावभाजी खाणाऱ्या प्रत्येकाला कळली होती म्हणे. आधी ती हसली. मग म्हणाली, इलाला काय सांगू? मी म्हटलं, सांग की मी आलोय. वर कुठेतरी बसलोय.
आता ओहायोला पोहोचणं अशक्य. बघितलं, एकही विमान नाही.

त्याच दिवशी, संध्याकाळ
हॉटेलच्या लॉबीतल्या टीव्हीवर सामना लावून घेतला. चूक माझी नव्हती, हे प्रथम नोंदवतो. ज्या गावात सामना नाही त्या गावाचं नाव सामन्याला देणं ही शुद्ध फसवणूक आहे. समितीला लगेच कळवणं भाग होतं. खुर्चीत बसून फोनवरच लिहायला घेतलं. पहिल्या हाफमध्ये तीन परिच्छेद झाले. ओहायोवाल्या पंचवीस गुणांनी पुढे होत्या, पाहण्यासारखं काही नव्हतं.
इला आत आली ते पाहिलं. अगदी शेवटी. केस घट्ट बांधले होते, लहानपणी शाळेत जाताना बांधायची तसे. पण वाक्य अर्धवट होतं, 'दिशाभूल' याला इंग्रजीत कडक शब्द हवा होता. तो शोधत होतो. तेवढ्यात लॉबीतले दोन-तीन लोक ओरडले आणि टाळ्या वाजवायला लागले. मान वर केली तर आमच्या पोरी आपल्या रिंगकडे परत धावत होत्या आणि इला दोन्ही मुठी वर करून हसत होती. शेजारच्या टोपीवाल्याला विचारलं, काय झालं? म्हणाला, त्या बुटक्या इंडियन मुलीने कसला टाकला!
रिप्ले येईल म्हणून थांबलो. जाहिरात आली. मग सामना संपला.
आत्ता इलाचा फोन आला. हरल्याचं काहीच वाटत नव्हतं तिला. एवढ्या गर्दीत तू मला दिसलाच नाहीस बाबा, म्हणाली, पण मम्मा म्हणाली तू वर आहेस, म्हणून मी वरच बघत होते. माझा शॉट पाहिलास ना? पाहिला, म्हटलं. वरून कसा दिसला? मी म्हटलं, फार सुंदर. ती खूप वेळ बोलत होती. कुठून टाकला, ते मला तिला विचारता आलं नाही.