केर उकळला का?

२० जुलै, शनिवार

उंद्रीला पोहोचले. चिखलीची बस वेळेवर निघाली आणि वेळेवर आली, म्हणजे मुक्काम बरा जाणार. फाट्यावर दीपाची शेजारीण विमलबाई घ्यायला आली होती. माझी बॅग डोक्यावर घेऊन तिने विचारलं, "मोठ्या बाई, गोटे भरून आणले का?" पुस्तकं आहेत म्हटल्यावर म्हणाली, "मंग गोटेच." गावात शिरेपर्यंत ती बोलत होती आणि मी हसत होते. निवृत्त झाल्यापासून इतकं हसले नव्हते.

दीपमाला माझी धाकटी बहीण. नर्सची नोकरी संपल्यावर नवऱ्यामागे ती एकटीच या घरात राहते. मार्चमध्ये पडली, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, चालली तर चालेल, पडून राहिली तर कायमची पडून राहील. तेव्हा आश्विन पौर्णिमेला वर्षावासाचे व्रताचे तीन महिने संपले की तिला तिच्या पायांनी अकोल्याला माझ्या घरी न्यायचं, असं ठरवून आले आहे. मी ठरवलेलं सहसा होतं.

दीपा अंगाने चांगलीच भरलेली. तिला खाटेवरून उठवायला विमलबाई आणि मी दोघी लागलो. तिघीही घामाघूम. दीपा म्हणाली, "ताई, तू शाळा उचलली आयुष्यभर, मी काय जड आहे का?"

घर नीटनेटकं आहे. दोन खोल्या, पडवी, मागे न्हाणी, पुढे मेंदीचं कुंपण. चहात साखर फार टाकतात, ती उद्यापासून कमी.

२३ जुलै, मंगळवार

दीपाचे पाळीव प्राणी आज नीट पाहिले. काडीकिडे. मुलगा प्रसेनजित पुण्याला असतो, त्याने दोन वर्षांपूर्वी आईला सोबत म्हणून डबीतून आणून दिले. मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकले, पण काडीकिडे घरात ठेवायचे हे कधी सुचलं नव्हतं.

खिडकीशी मच्छरदाणीच्या कापडाचं एक उंच खोकं आहे. आत पाण्याच्या बाटलीत पेरूच्या फांद्या. बाटलीच्या तोंडाला कापूस कोंबायचा, नाहीतर पिल्लं आत पडून बुडतात. दोन वेळा फवारा मारायचा, ती पानांवरचे थेंब पितात. खोकं उंच लागतं, कारण कात टाकताना ती उलटी लटकतात आणि जुन्या अंगातून खाली घसरत बाहेर येतात. मग तीच कात खाऊन टाकतात. एखादा पाय तुटला तर पुढच्या कातीला नवा येतो.

सगळ्या माद्याच. यांना नर लागत नाही. एकटी मादी अंडी घालते आणि त्यातून हुबेहूब तिच्यासारखी मादी निघते. आवाज मुळीच नाही. खोक्यावर फुंकर घातली की वाऱ्यातल्या काडीसारख्या डुलतात. वारा नसला तरी मधूनच डुलतात. दीपा त्यांना "माझ्या पोरी" म्हणते.

अंडी म्हणजे बारीक बियाच, टोपण लावल्यासारख्या. दिवसभर टपटप खाली पडतात. रोज तळाचा केर झाडायचा, पातेल्यात घालून खळखळ उकळायचा आणि मगच फेकायचा. दीपाने हे मला दोनदा सांगितलं. प्रसेनजितनेही फोनवर सांगितलं. किडा परदेशी आहे, शिवारात सुटला तर हिरवं काही ठेवणार नाही, असं त्याचं म्हणणं. दीपाने कारण सांगितलं नाही. नुसतं म्हणाली, "उकळल्याबिगर फेकू नको, ताई."

२५ जुलै, गुरुवार

हे माझ्याने होणार नाही.

सकाळी मेणबत्ती लावून पाणातिपाता वेरमणी म्हणायचं आणि दुपारी शेकडो जीव उकळायचे, तेही वर्षावासात? मी दीपाला तोंडावर विचारलं की इतकी वर्षं पंचशील कशासाठी म्हणतेस. ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली की मनाला लागतं, पण करावं लागते.

मला करावं लागत नाही. केर मेंदीच्या बुडाशी टाकला. तिथे मुंग्या खातील, ऊन लागेल, जे त्यांच्या वाट्याचं असेल ते होईल. दीपाला खाटेवरून गॅसचा आवाज ऐकू येतो म्हणून पातेल्यात नुसतं पाणी ठेवलं आणि चांगलं खळखळू दिलं. तिने विचारलं, "ताई, केर उकळला का?" मी सांगितलं, "हो, उकळला."

जीवहत्येचं पहिलं शील पाळायला खोटं न बोलण्याचं चौथं मोडलं. आजारी माणसाशी वाद घालण्यापेक्षा हे बरं.

१८ ऑगस्ट, रविवार

दीपा वॉकर धरून दारापर्यंत गेली! मी मागे, विमलबाई पुढे. परत येताना तिने मला म्हटलं, "छडी आण ना ताई, त्याबिगर तू हेडमास्तरीण वाटत नाही." भूक चांगली लागते. आता अकोला दूर नाही.

पाणी रोज उकळतं. प्रश्न रोज येतो आणि उत्तरही तेच जातं.

मेंदी यंदा फार दाट झाली आहे. विमलबाई म्हणते तिच्या शेळ्या पूर्वी कुंपणाला तोंड लावायच्या, आता रस्त्याच्या पलीकडून जातात. तिने आणखी एक विचारलं, "काऊन हो मोठ्या बाई, वारं नसताना तुमचं कुंपण काऊन हालून राह्यलं?" मी म्हटलं चिमण्या असतील. जवळ जाऊन पाहिलं. चिमण्या नव्हत्या.

अंड्यातून पिल्लू निघायला तीन महिने लागतात, असं प्रसेनजित म्हणाला होता. महिनाही झालेला नाही. आणि पिल्लू बोटभरसुद्धा नसतं. कुंपणातल्या माझ्या हाताएवढ्या होत्या, मेंदीच्याच रंगाच्या. पानांसकट.

५ सप्टेंबर

शिक्षक दिन. जुन्या विद्यार्थ्यांचे फोन आले. ते घेता घेता दीपासाठी वॉकर ओढला तर तो एका बाजूला कलला. खाली पाहिलं. वॉकरला पाच पाय होते.

पाचवाही तसाच. ॲल्युमिनियमची चकाकी, खाली रबराचं बूच. मी हात लावला तेव्हा तो मधून वाकला आणि भिंतीवर चढून गेला.

दीपाला यातलं काही सांगितलं नाही. तिने विचारलं, केर उकळला का? हो म्हटलं. आवाज जरा मोठाच निघाला.

१२ सप्टेंबर

खिडकीला एक गज जास्त आहे. कोपऱ्यात दोन केरसुण्या आहेत, घरात एकच आणलेली. झाडायला आता मी आधी केरसुणी पायाने हलवून पाहते.

आज खोक्याखालचा केर खरंच उकळला. डोळे मिटून. पण कुंपणाचं काय करायचं?

दीपा चालायला नाही म्हणते. वॉकर धरायला भिते. तिलाही दिसलं असावं. पुन्हा पडून राहू लागली आहे, आणि डॉक्टरांचे शब्द माझ्या डोक्यातून जात नाहीत.

१९ सप्टेंबर

सगळं सांगून टाकलं.

जेवण झाल्यावर तिने माझा हात धरला आणि म्हणाली, "लहानपणापासून भेतो मी तुले, ताई. तरी विचारतो. खरं सांग, उकळत होती का तू?" मी नाही म्हटलं. पहिल्या दिवसापासून कुठे टाकत आले तेही सांगितलं.

ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती फक्त खोक्याकडे बघत राहिली. मग हळू आवाजात सांगितलं की गेल्या वर्षी केरातलं एक अंडं भांड्याला चिकटून राहिलं होतं. ते पेरूच्या काडीसारखं झालं नाही. त्या दिवसांत दीपाचा हातच त्याच्या जवळ असायचा. ते तिच्या अंगठ्यासारखं निघालं. नखासकट. "जिथं वाढते तिथल्यावाणी दिसते ते, ताई. घरात वाढलं त घरच्यावाणी."

हे आधी का नाही सांगितलंस, असं मी ओरडले. तिचं उत्तर असं की तू विश्वास ठेवला असता का? वेडी म्हणून कुठं नेऊन टाकलं असतं मले.

पौर्णिमेची वाट बघायची नाही. लवकरच न्यायचं.

२८ सप्टेंबर

प्रसेनजितला फोन केला. दोन्ही म्हाताऱ्या घाबरल्या, असं तो समजतो. तरी चिखलीची गाडी ठरवून देतो म्हणाला. नऊ तारखेला, दुपारी चार वाजता. त्याआधी गाडी मिळत नाही.

विमलबाईला म्हटलं कुंपण जाळून टाकू. ती रॉकेल घेऊन आली. जवळ गेली आणि मागे सरली. म्हणाली, "मोठ्या बाई, कुंपणात कोणीतरी हात जोडून उभं हाय." मी पाहिलं. हातच होते. सकाळी मेणबत्तीपुढे मी जोडते तसे.

जाळणार कसं?

६ ऑक्टोबर

सकाळी दार उघडलं तर कुंपण बोडकं. नुसते खुंट. सगळी मेंदी एका रात्रीत कुठे गेली ते विचारायला नको. कारण घरात —

पाय टाकायला भीती वाटते. खुर्ची आहे की नाही, हात लावल्याशिवाय कळत नाही. खोकं रिकामं आहे. कापड आतून कुरतडलेलं.

दीपा बोलत नाही. हिरवा गाऊन घालून खाटेवर बसते आणि पुढेमागे हलते. भीतीने होतं तसं. भीतीनेच असेल.

८ ऑक्टोबर

उद्या चारला गाडी. बॅग भरली.

आज दीपाने एकदाही विचारलं नाही. मीच म्हटलं, आज उकळला हो केर. नुसतं हलणं. पंखा बंद, वारा नाही, आणि ती —

जेवणही तसंच राहिलं. पेरूचा पाला मात्र बाटलीत उरलेला नाही.

९ ऑक्टोबर, दुपार

लिहिलं तर डोकं ठिकाणावर राहील. म्हणून लिहिते.

खाटेवर दोघी आहेत.

दोन्ही दीपा. दोघींचा तोच गाऊन, कपाळावर तोच व्रण, डाव्या हातावर गोंदलेलं तेच नाव. मी तिचं नाव घेतलं. दोघींनी मान वळवली. एकदमच. बोललं कोणी नाही.

गाडी येईल. कोणाला बसवू? एकच बसवायची आहे. चुकीची नेली तर माझी बहीण इथे राहील. यांच्यात.

पाणी ठेवलं आहे. उकळतं आहे. खोटी कोणती ते कळलं तर ओतेन. ओतेन मी, शील मोडलं तरी. पण तोंड दीपाचं आहे —

वजन. वजन कसं सुचलं नाही. दीपाला उचलायला दोघी लागतात.

पहिलीला काखेत धरून उचललं. एका हाताने उचलली गेली. सरपणाच्या काडीइतकी. म्हणजे दुसरी खरी. मला रडू आलं. दुसरीला उचललं.

तीही.

दोन्ही खोट्या. मग दीपा कुठे? पडवीत नाही. न्हाणीचं दार कालपासून उघडत नव्हतं, लाकूड फुगलं असं वाटून मी — आतून कडी आहे. भिंत धरून जाऊन ती आत लपली आहे. तिला माझाही भरवसा नाही. दार ठोठावलं, मी महामाया, मी ताई. कडी निघाली नाही. तिने तरी कसं ओळखावं?

हॉर्न. गाडी आली.

विमलबाईचा आवाज. अंगणात. कोणाशी तरी बोलते आहे, हसते आहे. "लवकर तयार झाल्या आज, मोठ्या बाई? आणा ती पिशवी, मी धरतो."

मी इथे आहे. मी खोलीत आहे. मी लिहिते आहे.

आणि न्हाणीतून, अगदी हळू, दीपा. खरी. घाबरून विचारते आहे, ताई, केर उकळला का?

तोंड उघडलं. पण माझ्याआधी अंगणातून उत्तर गेलं. माझ्याच आवाजात, माझ्याच ठसक्यात. रोज ऐकून पाठ झालेलं. हो, उकळ —

न्हाणीची कडी निघाली. दीपा, नको, ती मी नाही, ती मी ना