पनीरच्या पाण्यातली कणीक

मंगळवार, संध्याकाळ. कोपरी.

पनीरचं उरलेलं पाणी कणकेत घालता घालता आई थांबली. बाबांना त्याचा वास सहन व्हायचा नाही, म्हणून त्यांची कणीक वेगळी, साध्या पाण्यात. हार्ट अटॅकने ते गेले त्या दिवशीसुद्धा.

"अगं, तू डेअरीच्या लॅबमधली. या पाण्यातल्या प्रोटीनने कोलेस्टेरॉल उतरतं ना? त्यांनाही हेच दिलं असतं तर?"

"काही जणांचं थोडं उतरतं, तेही रोज त्या प्रोटीनची भरपूर पावडर घेतली तर. दोन पोळ्यांनी अटॅक टळत नाही, आई."

"पण थोडं उतरतं."

ते 'थोडं' कशाला बोलले मी? पोळीत ते प्रोटीन नगण्यच. नुसतं 'नाही' पुरलं असतं.

नंतर परत जाऊन म्हटलं, "काहीच फरक पडला नसता."

"माझ्यासाठी खोटं नको बोलूस," म्हणाली.

पण ते खोटं नव्हतं, खरं तेच होतं.