लट्टलूरचं भाषण

१४ एप्रिल
साखरपुडा झाला. होणारे व्याही भीमाशंकरअप्पा सगळ्यांदेखत म्हणाले, आमचं नांदेड पूर्वीचं नंदिग्राम, नंदितट. तुमच्या लातुरात तुरीशिवाय काय हाय? मुलीचा बाप म्हणून हसून पेढा पुढं केला. रात्री मोबाइलवर शोध. लट्टलूर, लत्तलूर, लत्तनूर! आमच्याच गावाचं जुनं नाव, प्रत्येक लेखात वेगळं. खरं कोणतं ते मीच ठरवणार, आणि ऋतुजाच्या लग्नात जाहीर करणार.

२० एप्रिल
प्लॅन पक्का. लग्न लागण्याआधी पुढाऱ्यांचे सत्कार चालतात, तेव्हा माइक आपल्याकडं. अक्षता पडल्याशिवाय पंगत बसत नाही, म्हणजे पब्लिक हलणार नाही. असे श्रोते विद्यापीठालाही मिळत नसतील.

२७ एप्रिल
भाषण बावीस पानं. कमी करणं अशक्य. अंबिका म्हणते, पोरीचं लग्न हाय, गावाचं बारसं न्हाई. बायकोला इतिहासात इंटरेस्ट नाही.

३ मे
ऋतुजा म्हणाली, पप्पा, त्या दिवशी माइक नका घेऊ, नुसते माझ्याजवळ उभे राहा. पोरीला माझंच टेन्शन. तिला सांगितलं, मला स्टेजची भीती अजिबात नाही.

९ मे, सकाळी
फेटा फिट. आवाज उत्तम. हॉलची सगळी कामं मेहुण्यावर सोपवली. मोठ्या कामाला डोकं रिकामं लागतं.

९ मे, संध्याकाळी
मुहूर्त टळला तरी सत्कार संपेनात. ऊन मी म्हणत होतं. लोकांच्या मुठीत अक्षता घामानं चिकटलेल्या, पोटात कावळे. मी माइक घेतला आणि खड्या सुरात राष्ट्रकूट राजांचं बिरुद, 'लट्टलूरपुरवराधीश्वर' म्हणालो. मागच्यांना मंगलाष्टकच वाटलं. कुणीतरी पहिली मूठ टाकली, मग सगळ्यांनीच. बँड वाजला. दुसरं वाक्य येईस्तोवर अख्खा मांडव पंगतीला.

नवरानवरीचे हार हातातच. लग्न लागायचंच होतं. लग्न लावणाऱ्या स्वामींनी नव्या अक्षता आणायला माणूस पाठवला. भीमाशंकरअप्पा हसून हसून खुर्चीत बसले. वाटलं, ऋतुजा रडणार. ती म्हणाली, पप्पा, अक्षता येईपर्यंत वाचा तुम्ही, आम्ही कुठं जात नाही.

पहिलं पान काढलं. तिच्याकडं पाहिलं. उद्यापासून ही घरात नसणार, हे महिनाभरात आत्ता डोक्यात शिरलं. पान घडी घालून खिशात ठेवलं. म्हणालो, लातूरचं राहू दे. नांदेडला पोचलीस की फोन कर.